आम्हाला नाही होत मलेरिया!



गुढीपाडवा झाला की आपल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो : भारतवारी. शाळांना जूनमध्ये सुट्टी लागणार, तिकिटे वाढायच्या आत काढायला हवीत. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की हेच कानावर पडते. कोणत्या विमानात किती सामान चालते, भाचीच्या लग्नात आहेर काय करायचा, माहेरी किती दिवस आणि सासरी किती दिवस (या प्रश्नावर आवाज थोडा खाली येतो!). पण इतक्या वर्षांत त्या रांगेत एक प्रश्न मी क्वचितच ऐकला : "मलेरियाच्या गोळ्या कोणत्या घेताय?" मीच विचारले तर उत्तर ठरलेले असते. "छे हो! आम्ही तिथेच वाढलो. आम्हाला काही होत नाही."

या उत्तराविषयी मला आज चार शब्द लिहायचे आहेत. मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षे इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केले आणि रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात डोळे झिजवले. मलेरियाचा परजीवी मी प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्यात एकदा तो आमच्याच घरच्या रक्तात होता.

२०११ सालची गोष्ट. जुलैमध्ये आम्ही तिघे मुंबईला गेलो होतो. मुलीला मी गोळ्या दिल्या, स्वतः घेतल्या. आमचे 'हे' मात्र ऐकेनात. "गिरगावात जन्म गेला माझा. त्या चाळीतल्या डासांना माझे रक्त ओळखीचे आहे," असा विनोद करून त्यांनी गोळ्यांची बाटली परत कपाटात ठेवली. परत आल्यावर बाराव्या दिवशी त्यांना ताप आला. घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फ्लू सांगितला, विश्रांती घ्या, पाणी प्या म्हणाले. त्यांनी प्रवासाचे विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. तिसऱ्या रात्री हे असंबद्ध बोलू लागले, मुलीचे नाव आठवेना. तातडीच्या विभागात नेले. तिथल्या एका परिचारिकेने पहिल्या दोन मिनिटांत विचारले, "अलीकडे परदेशी गेला होता का?" तासाभरात काचपट्टी तयार झाली. फाल्सिपेरम. म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार.

ते वाचले. दोन दिवस अतिदक्षता विभागात आणि पुढे महिनाभर अशक्तपणात काढून वाचले. पण त्या तीन दिवसांचा हिशेब मी आजही मनात मांडते. तपासणी होती, ती करणारी माणसे होती, मी स्वतः त्यांच्यातलीच एक होते. सांगणारे मात्र कोणीच नव्हते. रोज दुसऱ्यांच्या काचपट्ट्या पाहणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचा ताप पाहून मलेरिया आठवू नये, यावरून ही समजूत आपल्या मनात किती खोल रुतली आहे ते कळते.

आता या समजुतीचे खरेखोटे पाहू. मलेरिया वारंवार झालेल्या माणसाच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते, हे खरे आहे. पण ती अर्धवट असते आणि संसर्ग होत राहिला तरच टिकते. तो प्रदेश सोडून काही वर्षे लोटली की ती ओसरते. शिवाय मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी मलेरिया एखाददुसऱ्या वेळी झाला असेल किंवा झालाही नसेल. म्हणजे ती शक्ती मुळातच फारशी आलेली नसते. आणि इथे जन्मलेल्या आपल्या मुलांकडे तर ती अजिबातच नाही. आजीच्या घरी राहणारा आपला दहा वर्षांचा मुलगा हा त्या डासाच्या दृष्टीने पूर्ण नवखा पाहुणा असतो.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन हजार लोकांना मलेरिया झाल्याचे आढळते. त्यांतले जवळपास सगळे तो बाहेरून घेऊन येतात. त्यांत सर्वांत मोठा गट कोणाचा? जंगलात भटकणाऱ्या हौशी प्रवाशांचा नव्हे. मायदेशी नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्या आपल्यासारख्या स्थलांतरितांचा. आणि त्यांतल्या बहुतेकांनी प्रतिबंधक गोळ्या घेतलेल्याच नसतात. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की या रुग्णांत आफ्रिकेतून येणारे अधिक असतात, आणि भारतातला मलेरिया खूप कमी झाला आहे. सरकारी आकड्यांनुसार २०१५ साली भारतात सुमारे ११ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले. २०२३ साली ते सुमारे २ लाख २७ हजारांवर आले. ही मोठी कामगिरी आहे आणि तिचा अभिमान वाटावा. पण कमी होणे म्हणजे संपणे नव्हे. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया अजून ठाण मांडून आहे आणि मुंबईत तो दर पावसाळ्यात डोके वर काढतो.

मुंबईचा मलेरिया हा खास शहरी मलेरिया आहे. अ‍ॅनॉफिलीस स्टीफन्साय जातीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर आणि टाक्यांवर. आज विहिरी बुजल्या, पण गच्चीवरच्या टाक्या आहेत आणि इमारतींची बांधकामे तर गल्लोगल्ली चालू आहेत. म्हणजे हा डास झोपडपट्टी आणि उंच इमारत असा भेद करत नाही. "आमच्या भावाचा फ्लॅट अगदी चांगल्या वस्तीत आहे" हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. त्यातून आपल्या मुलांची सुट्टी जून ते ऑगस्ट, नेमकी पावसाळ्याची. वर्षातला सर्वांत वाईट काळ निवडून आपण सहकुटुंब जातो.

आता तपासणीकडे वळते, कारण "झालाच तर आता काय, इतक्या आधुनिक टेस्ट आहेत" असेही पुष्कळजण म्हणतात.

सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. आजही मलेरियाची पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकानेच होते. थेंबभर रक्त काचेवर पसरायचे, रंग द्यायचा आणि पाहायचे. सरावलेल्या डोळ्याला एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, पन्नासेक परजीवी असले तरी सापडतात. दुसरी तपासणी म्हणजे झटपट पट्टी, घरच्या गर्भचाचणीसारखी. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते, पण परजीवी शंभर-दोनशेच्या खाली असतील तर ती चुकू शकते. तिसरी आणि सर्वांत सूक्ष्म तपासणी म्हणजे पी.सी.आर. करोनाच्या दिवसांत हे नाव सगळ्यांना पाठ झाले. कॅरी म्युलिस यांना या पद्धतीबद्दल १९९३ साली नोबेल मिळाले. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पी.सी.आर. तेच करते. परजीवीच्या जनुकाचा एक तुकडा सापडला की त्याचे दोन, दोनाचे चार अशी दुप्पट होत तीस फेऱ्यांत संख्या शंभर कोटींच्या पलीकडे जाते. त्यामुळे मायक्रोलिटरमध्ये एखादा परजीवी असला तरी तो लपू शकत नाही. मलेरियाची नेमकी कोणती जात आहे हेही ती अचूक सांगते.

इतके असूनही ही तपासणी आपल्याला घरबसल्या वाचवणार नाही. कारणे तीन. एक म्हणजे बहुतेक रुग्णालयांत ती जागेवर होत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि उत्तराला दिवस लागतात. फाल्सिपेरमच्या रुग्णाजवळ तेवढे दिवस नसतात, म्हणून उपचार काचपट्टीवरच सुरू होतात आणि पी.सी.आर. नंतर जातीची खात्री करून देते. दुसरे, व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात महिनोन् महिने झोपून राहतात. त्या काळात ते रक्तात नसतातच, मग रक्ताची कितीही सूक्ष्म तपासणी केली तरी ती त्यांना कुठून पकडणार? आणि तिसरे, सर्वांत साधे. कोणतीही तपासणी कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही. इथल्या डॉक्टरांनी आयुष्यात एखादाही मलेरियाचा रुग्ण पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी. "मी भारतातून आलो" हे वाक्य आपल्याच तोंडून निघायला हवे.

म्हणून माझे म्हणणे असे की आपली खरी भिस्त दोन गोष्टींवर असावी : जाण्यापूर्वी गोळी आणि आल्यावर तोंड उघडणे.

गोळ्यांचे बोलू. लहानपणी घेतलेली कडू क्लोरोक्विन आता विसरा. भारतातला फाल्सिपेरम तिला पुरेसा जुमानत नाही, म्हणून प्रवासासाठी तिची शिफारस होत नाही. आज साधारण चार पर्याय आहेत.

अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल (मॅलरोन) : रोज एक गोळी, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावर सात दिवस चालू ठेवायची. मुलांसाठी वजनानुसार छोट्या गोळ्या मिळतात.

डॉक्सिसायक्लिन : हीदेखील रोज, पण परतल्यावर चार आठवडे. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. उन्हाने त्वचा भाजू शकते.

मेफ्लोक्विन : आठवड्यातून एकदा. निदान दोन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. काहींना चक्कर, भीतीदायक स्वप्ने, नैराश्य असा त्रास होतो. २०१३ साली इथल्या औषध प्रशासनाने त्याबद्दल कडक इशारा दिला आहे. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना न चुकता सांगा.

टॅफेनोक्विन : २०१८ साली मान्यता मिळालेले, फक्त प्रौढांसाठी. यकृतात झोपलेल्या परजीवींवरही ते काम करते. पण जी-६-पी-डी नावाचे एन्झाइम अंगात कमी असेल तर त्याने रक्तपेशी फुटतात, म्हणून आधी त्याची रक्ततपासणी अनिवार्य आहे. ही उणीव आपल्याकडे पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत जास्त दिसते, पण ती कोणातही असू शकते. व्हायवॅक्सवर जुने प्रायमाक्विन देतानाही हीच तपासणी लागते.

"लस आली ना?" असे हल्ली विचारतात. आली आहे, आणि त्यांतली एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तिची शिफारस केली. पण ती मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. प्रवाशांना तूर्त गोळ्यांवाचून गत्यंतर नाही.

आता थोडे पैशांचे, कारण हे पान आरोग्याचे तसेच अर्थकारणाचेही आहे. चार आठवड्यांच्या भारतवारीला मॅलरोनच्या दोन अधिक अठ्ठावीस अधिक सात, म्हणजे माणशी ३७ गोळ्या लागतात. चौघांच्या १४८. डॉक्सिसायक्लिनच्या माणशी ५८ होतात, पण गोळी बरीच स्वस्त असते. काही विमा योजना प्रवासाच्या गोळ्यांचे पैसे देत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा. मॅलरोनचे जेनेरिक रूप मागा आणि दोन-तीन फार्मसींचे भाव पाहा. फरक थक्क करणारा असतो. नोकरीतून एफ.एस.ए. किंवा एच.एस.ए. खाते असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्या करमुक्त पैशांतून घेता येतात. "भारतात स्वस्त मिळतात, तिथेच घेऊ" हा हिशेब मात्र चुकीचा. गोळी उतरण्यापूर्वी पोटात जायला हवी. आमच्या घरी कपाटात परत गेलेल्या त्या बाटलीची किंमत आणि नंतर आलेले रुग्णालयाचे बिल मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे. तुम्हाला तशी वेळ येऊ नये.

इथे कोणी म्हणेल, "भारतातले आमचे डॉक्टर काका तर या गोळ्यांना हसतात." बरोबर आहे, तिथे राहणारा माणूस जन्मभर गोळ्या घेऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. अमेरिकेची सी.डी.सी. मुंबई-दिल्लीसह जवळपास सगळ्या भारतासाठी गोळ्या घ्यायला सांगते, फक्त हिमाचल, काश्मीर आणि सिक्कीममधला दोन हजार मीटरवरचा भाग वगळते. ब्रिटनचे तज्ज्ञ मात्र आसाम, ओडिशा आणि आंध्र-मध्य प्रदेशातील काही जिल्हे सोडले तर बाकी भारतासाठी डासांपासून जपा एवढेच सांगतात. दोन शहाण्या देशांत मतभेद आहे, कारण धोका किती आणि गोळ्यांचा त्रास किती याचे वजन दोघे वेगवेगळे करतात. म्हणून प्रत्येकाने डोळे मिटून गोळी गिळावी असे मी म्हणत नाही. प्रत्येक घराने निघण्यापूर्वी महिनाभर डॉक्टरांना विचारावे, कुठे जाणार, कोणत्या महिन्यात, किती दिवस हे सांगावे आणि मग ठरवावे. विचारून 'नको' म्हणणे वेगळे आणि "आम्हाला होत नाही" म्हणून न विचारणे वेगळे. आणि गोळ्या घेतल्या तरी संध्याकाळनंतर अंगभर कपडे, डासांचे मलम आणि रात्री मच्छरदाणी हवीच. आजीची जुनी मच्छरदाणी माळ्यावरून काढा. नातवंडांना तंबूत झोपल्याची मजा वाटेल.

परत आल्यावरचा नियम तर आणखी सोपा. वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगा, "मी भारतातून आलो आहे, मलेरियाची तपासणी करा." गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी सांगा, कारण यकृतात झोपलेल्या व्हायवॅक्सला मॅलरोन मारत नाही. पहिली काचपट्टी स्वच्छ निघाली तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशी तीन वेळा पाहायची असते. संकोच करू नका. आपल्याकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना ताप आला तर त्यांच्या वतीने हे वाक्य तुम्ही बोला.

शेवटी रक्तदानाविषयी. आपल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरातून दरवर्षी कितीतरी उत्साही मंडळी हिरमुसून परत जातात, कारण ती नुकतीच भारतात जाऊन आलेली असतात. २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे इथे तीन वर्षे सलग राहिलेल्या माणसाने भारतवारी केली तर तीन महिने थांबायचे, आणि भारतातून नव्याने राहायला आलेल्याने तीन वर्षे. यात अपमान नाही. रक्तातून मलेरिया दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो. आता मात्र दार किलकिले झाले आहे. मार्च २०२४ मध्ये औषध प्रशासनाने रक्तदात्यांच्या रक्तात मलेरियाची जनुकद्रव्ये शोधणाऱ्या पहिल्या तपासणीला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अशा दात्यांची निवडून तपासणी करण्याच्या सूचनांचा मसुदा काढला. आपल्या रक्तपेढीत सध्या कोणता नियम लागू आहे हे शिबिरापूर्वी विचारून घ्यावे. पण तोवर प्रवासाचे उत्तर खरे द्या. "एवढ्याने काय होते" म्हणून खोटे सांगू नका.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. एप्रिलच्या अंकात पिकनिकच्या सूचनेशेजारी चार ओळींची चौकट दरवर्षी छापावी : भारतात जाताय? गोळ्यांचे विचारलेत? आल्यावर ताप आला तर प्रवासाचे सांगा. खर्च शून्य. आमचे 'हे' आता दर भारतवारीला न चुकता गोळ्या घेतात आणि जेवणाच्या रांगेत इतरांनाही विचारतात. त्यांना हसणाऱ्यांना ते आपली २०११ची गोष्ट ऐकवतात, आणि ती संपेपर्यंत पुऱ्या गार होतात.